धावफलकाची साक्ष

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे एक अर्ज पोचला. अर्जदार होते एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर क्रिकेट खेळणारे सुमारे साडेचारशे पारशी, हिंदू आणि मुसलमान. पुढाकार शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाचा होता. तक्रार अगदी रोकडी होती. बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या सभासदांना क्रिकेटसाठी स्वतःची राखीव जागा होती आणि तिच्या हिरवळीला ते जिवापाड जपत. पोलो खेळायची हुक्की आली की मात्र ते घोड्यांसकट ‘नेटिवां’च्या बाजूला येत. टापांनी उखणलेल्या त्या जमिनीवर उरलेले दिवस शेकडो खेळाडूंनी चेंडू टाकायचे आणि तो कुठे उसळेल ते देवाच्या हवाली सोडायचं. सरकारने आधी अर्जदारांच्या बाजूने कौल दिला, पोलोला कूपरेजकडे धाडलं आणि फार दिवस जाण्याआधीच तो कौल फिरवला. शापूरजींनी पिच्छा सोडला नाही. १८९७ मध्ये त्यांनी या सगळ्याचं पुस्तक केलं. नाव लांबलचक: पारशांमधल्या क्रिकेटची बखर, आणि तिला जोडून युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव क्रिकेट हा झगडा. भारतीय माणसाने क्रिकेटवर लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक, आणि ते खेळाच्या कौतुकाइतकंच जमिनीच्या वादाचं आहे.

इंग्लंडात असं झालं नव्हतं. तिथल्या क्रिकेटलेखनाचा उगम बहुतेक जण जॉन नायरेनच्या १८३३ मधल्या पुस्तकात मानतात. हॅम्पशर परगण्यातल्या हॅम्बल्डन या खेड्याच्या क्लबने १७७० आणि १७८०च्या दशकांत साऱ्या इंग्लंडच्या निवडक संघांना धूळ चारली होती. १७७७ मध्ये तर एक डाव आणि १६८ धावांनी. नायरेन हा त्या क्लबच्या कर्णधाराचा मुलगा. उतारवयात त्याने आपल्या आठवणी चार्ल्स काउडन क्लार्क या साहित्यिक मित्राला सांगितल्या आणि क्लार्कने त्या शब्दांत बसवल्या. तोवर हॅम्बल्डनचं वैभव मावळून चाळीसएक वर्षं झाली होती, त्यामुळे पुस्तकाचा स्थायीभाव ‘गेले ते दिवस’ हाच. हा सूर इंग्लिश क्रिकेटलेखनाला जन्माचा चिकटला. नेव्हिल कार्डस १९१९ मध्ये आजारातून उठला आणि मोकळी हवा मिळावी म्हणून ‘मँचेस्टर गार्डियन’ने त्याला ओल्ड ट्रॅफर्डवर पाठवलं. पुढची वीस वर्षं त्याने जे लिहिलं त्यात महायुद्धापूर्वीच्या उन्हाळ्यांची, मॅक्लॅरनसारख्या बालपणीच्या दैवतांची हुरहुर सतत आहे. इंग्लिश लेखकाला क्रिकेट हे हरवलेलं गाव वाटतं. मुंबईच्या लेखकाला गाव हरवण्याआधी तिथली जागा मिळवायची होती.

मुंबई इलाख्यात क्रिकेट रुजलं, टिकलं आणि पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं याची कारणं नेहमी तीन दिली जातात: साहेबाची नक्कल, रिकामा वेळ आणि खेळाचं सौंदर्य. तिन्हींत थोडं तथ्य आहे, पण त्यांनी पोट भरत नाही. नक्कल तर पोलोची, टेनिसची, घोड्यांच्या शर्यतींचीही झाली, पण शर्यतीतल्या कुठल्या घोड्यावर चाळीच्या गॅलरीत साठ वर्षं वाद चाललेला नाही. माझ्या मते मुख्य कारण असं की हा खेळ तपशीलवार लिहून ठेवता येतो आणि लिहिलेलं पुरावा म्हणून पुढे करता येतं. ज्या समाजात माणसाची किंमत जन्मावरून ठरत होती आणि ज्या राज्यात ती कातडीच्या रंगावरून ठरत होती, तिथे नावानिशी, आकड्यानिशी, दोन्ही पक्षांच्या गुणलेखकांनी ताडून पाहिलेली नोंद हाती लागणं ही साधी बाब नव्हती. क्रिकेटवरचं लेखन या नोंदीच्या आधारे उभं राहिलं आणि त्या लेखनाने खेळाला जगवलं.

ही नोंद कशी घडत गेली हे पाहण्यासारखं आहे. लंडनमध्ये सॅम्युएल ब्रिचर १७९० पासून सामन्यांचे धावफलक छापून काढत होता. त्या काळच्या फलकांत फलंदाजाच्या धावा दिसतात, गोलंदाजाचे श्रम फारसे दिसत नाहीत. झेल घेतला गेला तर क्षेत्ररक्षकाचं नाव लागे, ज्याच्या चेंडूवर तो उडाला त्याचं नाही. गोलंदाजाच्या खात्यावर तो बळी मांडण्याची रीत १८३०च्या दशकात पडली. किती षटकं, किती निर्धाव, किती धावा, हा पुरता हिशोब त्यानंतर सावकाश रुळला. म्हणजे ज्याने बसून खायचं त्याचं नाव आधी आणि ज्याने राबायचं त्याचं मागाहून, हा क्रम इथेही होताच. तरी नाव आलं. १८६४ मध्ये जॉन विस्डेनने आपलं वार्षिक काढलं, तेव्हा पानं भरायला कालव्यांची लांबी, घोड्यांच्या शर्यतींचे विजेते आणि पहिल्या चार्ल्स राजावरचा खटला असला माल त्याला घालावा लागला होता. पुढे तेच वार्षिक फक्त धावफलकांनी फुगत गेलं. फुटबॉलच्या सामन्यातून संध्याकाळी दोन आकडे उरतात. क्रिकेटच्या सामन्यातून बावीस माणसांची कर्तबगारी वेगवेगळी उरते आणि जो मैदानात नव्हता त्यालाही ती वाचून सामना पुन्हा मांडता येतो. चेन्नईच्या वाचकाने पुण्याच्या सामन्यावर मत द्यावं, नातवाने आजोबांच्या काळातल्या गोलंदाजावर भांडावं, हे याच जोरावर.

मुंबईच्या पारशांनी हे लवकर ओळखलं. त्यांचा पहिला क्लब १८४८चा. १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. पहिला दौरा पराभवांचा, दुसऱ्यात डॉ. मेहेलाशा पावरी या गोलंदाजाने १७० बळी घेतले. जानेवारी १८९० च्या अखेरीस बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्यांनी जी. एफ. व्हर्ननच्या इंग्लिश संघाला चार गडी राखून हरवलं. यानंतर पारशी पुस्तकांची रांगच लागली: शापूरजींचं १८९७चं, पावरींचं १९०१चं, जे. एम. फ्रामजी पटेल यांचं १९०५चं. एका लहानशा समाजाने आठ वर्षांत आपल्या खेळाचे तीन इतिहास लिहावेत, हा नुसता छंद नव्हे. व्हर्ननचा संघ हरला ही बातमी चार दिवसांत शिळी झाली असती, पुस्तकातला धावफलक शिळा होत नाही. इतर समाजांनीही धडा घेतला. किनाऱ्यालगतच्या भरावाच्या जमिनीवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने शेजारी शेजारी उभे राहिले. १९०७ मध्ये तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ मध्ये चौरंगी, १९३७ मध्ये पंचरंगी.

या नोंदीचं खरं बळ आणि तिची खरी मर्यादा एकाच माणसाच्या आयुष्यात दिसते. बाळू पालवणकर चांभार समाजातले. पुण्यात पारशांच्या क्लबात ते महिना तीन रुपयांवर मैदानाची झाडलोट करत. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तिथे नेटमध्ये तासन्‌तास साहेबांना चेंडू टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. कॅप्टन ग्रेग बाद झाला की आठ आणे बक्षीस देई, अशी कथा सांगतात. बॅट हाती देण्याचा प्रश्नच नव्हता. या सरावाची नोंद कुठल्याही स्कोअरबुकात नाही, हे लक्षात ठेवायला हवं, कारण या निबंधातल्या दाव्याविरुद्धचा तो पहिला पुरावा आहे. धावफलक ज्यांना मैदानात येऊ दिलं त्यांचाच असतो. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि असा डावखुरा फिरकी गोलंदाज दुसरा नव्हता, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे, आणि जेवायला पंगत वेगळी. प्लेगच्या काळात ते मुंबईला आले, लष्करात आणि मग रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदूंचे डाव २४२ आणि १६०, युरोपियनांचे १९१ आणि १०२. बाळूंचे बळी आठ.

त्या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने जे लिहिलं ते भारतीय क्रिकेटलेखनातलं एक महत्त्वाचं पान आहे, आणि ते खेळाच्या पत्रकाराने लिहिलेलं नाही. समाजसुधारणेला वाहिलेलं हे पत्र. बाळू आणि शिवराम या चांभार भावांना हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळाल्याने हजारो तरुण हिंदूंची मनं जितकी मोकळी झाली तितकी इतर क्षेत्रांतल्या प्रयत्नांनी झाली नाहीत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. हे आशावादी होतं, आज वाचताना भाबडंही वाटतं. पण युक्तिवादाची रीत पाहावी. परिषदांतल्या ठरावांना उत्तर देता येतं, शास्त्रार्थाला प्रतिशास्त्रार्थ असतो. आठ बळींना उत्तर काय द्यायचं? १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि २३ पैकी १५ सामने हरून आला. त्या पडक्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. संघात महाराजा होता, ब्राह्मण होते, पारशी आणि मुसलमान होते. सगळ्यांच्या नावांपुढे आकडे छापले गेले आणि ते एकाच रकान्यात वाचायचे होते.

यावर सरळ आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही: मग बाळू कर्णधार का झाले नाहीत? वर्षानुवर्षं सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या माणसाला हिंदू संघाचं नेतृत्व एकदाही देण्यात आलं नाही. आकडे होते, मान नव्हता. पण पुढे काय घडलं ते पाहिलं पाहिजे. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं आणि नेतृत्वाच्या बाबतीत त्यांच्या भावांनाही डावललं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ संघातून बाहेर पडले आणि आपली बाजू त्यांनी जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. त्यांच्या युक्तिवादाचा कणा असा की ज्येष्ठता आणि कामगिरी दोन्ही आमच्याकडे असताना उरलं कारण एकच, जात. धावफलक जाहीर नसता तर हे म्हणणं रडगाणं म्हणून उडवून लावता आलं असतं. आकडे प्रत्येक वाचकापाशी होते, म्हणून अन्याय झाकणं अवघड गेलं. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी जिंकली. नोंदीने जात मोडली, असं मी म्हणत नाही. नोंदीने जातीला लेखी कारण द्यायला भाग पाडलं आणि लेखी देता येईल असं कारण तिच्यापाशी नव्हतं. (१९३७ मध्ये काँग्रेसने बाळूंना मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकर १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी निवडून आले. गोलंदाजीची पुण्याई मतपेटीत कशी वापरली गेली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो सुखद नाही.)

असंच लंडनमध्येही चाललं होतं, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर भेदभाव आपल्याकडेच होता असा समज व्हायचा. इंग्लिश धावफलक वरवर निर्विकार, पण त्यातही पंक्तिभेद होता. हौशी ‘जंटलमन’ खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत, पोटासाठी खेळणाऱ्या ‘प्लेयर’ची आडनावानंतर. १९५० मध्ये लॉर्ड्‌सवर तरुण फ्रेड टिटमसच्या नावापुढे चुकून हौशी पद्धतीची आद्याक्षरं छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर झाली. ही विभागणी रद्द करण्याचं १९६२ च्या अखेरीस ठरलं. वेस्ट इंडीजचं उदाहरण याहून ठळक आहे. त्रिनिदादमध्ये क्लब रंगाच्या छटांनुसार विभागलेले होते आणि कर्णधार गोरा असण्याचा अलिखित दंडक होता. सी. एल. आर. जेम्सने ‘द नेशन’ या पत्रातून फ्रँक वॉरेलला कर्णधार करा म्हणून मोहीम चालवली. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून वॉरेल गेला. १९६३ मध्ये जेम्सचं ‘बियाँड अ बाउंडरी’ आलं. जाणकार ते पुस्तक क्रिकेटवरच्या सर्वोत्तम पुस्तकांत गणतात, त्यातल्या सौंदर्यविचाराचं कौतुक करतात. मला ते शापूरजींच्या घराण्यातलं वाटतं: वसाहतीतला माणूस साहेबाचाच खेळ, साहेबाचेच नियम आणि साहेबाचाच हिशोब त्याच्यापुढे ठेवून विचारतो आहे, आता बोला.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. मुंबईत हा दावा व्यक्तीच्या नावाने कमी आणि जमातीच्या नावाने जास्त मांडला गेला. संघांची नावंच पारशी, हिंदू, मुस्लिम. अशा खेळाच्या वर्णनांनी फूट वाढवली नाही काय? डिसेंबर १९४० मध्ये देशात वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, पुढारी तुरुंगात होते, आणि हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींचं मत विचारायला गेलं. अशा वेळी करमणूक नको आणि धर्मावर बेतलेले संघ तर मुळीच नकोत, असं त्यांनी सांगितलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र पंचरंगीविरुद्ध लेखणी चालवत राहिले. म्हणजे स्पर्धेला सर्वांत जोरदार विरोध करणाऱ्यांत क्रिकेटवर पोट असलेला पत्रकार होता, हे त्या पिढीच्या लेखनाचं भूषण. स्पर्धा तरी १९४६ पर्यंत चालली आणि लोटलेल्या गर्दीने चालली. या आक्षेपाला पुरं उत्तर माझ्यापाशी नाही. इतकंच दिसतं की जमातीची चौकट किती तकलादू आहे हेही धावफलकानेच उघडं केलं. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी पाच बाद ५८१ धावांवर डाव सोडला, विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ नावाच्या पाचव्या संघाचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात ३८७ झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. सामना एक डाव ६१ धावांनी गेला, आणि लोक बोलत राहिले ते हजाऱ्यांबद्दल. सांगलीत जन्मलेला, मराठी घरातला हा माणूस ख्रिस्ती होता, एवढ्यावरून तो ‘इतर’ ठरला होता. विभागणीची हास्यास्पदता सांगायला संपादकीय लागत नव्हतं, ३८७ मधले ३०९ पुरेसे होते.

धावफलक साक्षीला कसा उभा राहतो याचं आणखी एक उदाहरण १९२६ मधलं. आर्थर गिलिगनचा एम.सी.सी. संघ त्या हंगामात भारतात आला. १ डिसेंबरला बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा कुटल्या. त्याच महिन्यात पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी १४८ काढल्या. पुढच्या काही आठवड्यांत गिलिगन दिल्लीच्या बैठकीत भारतीयांना स्वतःचं मंडळ काढायला सांगत होता. १९२८ मध्ये मंडळ आलं, १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर पहिली कसोटी, आणि १५ डिसेंबर १९३३ पासून त्याच जिमखान्याच्या मैदानावर, जिथे भारतीयांना सभासदत्व नव्हतं, भारतातली पहिली कसोटी. राजकारणातल्या गोलमेज परिषदा याच वर्षांत भरल्या आणि विस्कटल्या. क्रिकेटची गोलमेज त्या मानाने लवकर आटोपली, कारण पात्रतेचा पुरावा इंग्लिश गोलंदाजांच्याच खात्यावर चढलेला होता.

मराठीत या सगळ्याची नोंद उशिरा आणि तुटक झाली, ही खंत आहे. विठ्ठल पालवणकरांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ मध्ये आलं. दलित समाजातल्या खेळाडूने आपली कारकीर्द आपल्या हाताने मराठीत लिहिली, ही केवढी गोष्ट! पण आपल्या साहित्यचर्चेत आत्मचरित्रांचा विषय निघतो तेव्हा ते नाव कितीदा येतं? रामचंद्र गुहांनी २००२ मध्ये आपल्या इंग्रजी इतिहासात त्याचा भरपूर उपयोग केला, तेव्हा अनेक मराठी वाचकांना ते असल्याचं कळलं. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला क्रिकेट मराठीतून मिळालं ते मुख्यतः दोन वाटांनी. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी मराठीतून समालोचन केलं. ते स्वतः रणजी खेळलेले होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला क्षेत्ररचना डोळ्यांपुढे दिसे. आणि १९६२ मध्ये निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी क्रीडापानाला अग्रलेखाच्या पानाइतकं वजन आणलं. करमरकर कबड्डी-खोखोवर त्याच गांभीर्याने लिहीत आणि क्रिकेट संघटकांच्या कारभारावर आसूड ओढताना हात आखडत नसत. पुढे ‘एकच षटकार’सारखी पाक्षिकं, द्वारकानाथ संझगिरींची गप्पांच्या सुरातली पुस्तकं आली आणि वाचकवर्ग फुगला. संझगिरींची शैली मोहक होती यात शंका नाही. मराठी क्रिकेटलेखनाचा जो भाग टिकेल असं मला वाटतं, तो मात्र करमरकरांच्या बाजूचा, हिशोब मागणारा आहे.

इथे कार्डसचा भक्त हटकेल. कार्डसने धावफलकाची यथेच्छ टिंगल केली होती. आकड्यांना खेळाचा आत्मा कळत नाही, असं त्याचं मत. ते खोटं नाही. पन्नास धावा कशा निघाल्या हे फलक सांगत नाही. पण कार्डसने काही खेळाडूंच्या तोंडी घातलेली वाक्यं त्याची स्वतःची होती, हे त्याने उतारवयात जवळपास मान्यच केलं. आपल्याला ती चालतात, आवडतात, याचं कारण सामन्याचा निकाल आणि धावा त्याला बदलता येत नव्हत्या. हाडं पक्की होती म्हणून त्याला हवं तसं मांस चढवता आलं. आणखी एक प्रश्न उरतो, खोखोचा. खोखोतही कोण किती वेळ पळाला याची मिनिटा-सेकंदांत नोंद होते, नियम तर पुण्यातच बसवले गेले, मग त्यावर अशी पुस्तकं का नाहीत? याचं उत्तर खेळाच्या गुणात शोधायला गेलं तर सापडणार नाही. समोर साहेब नव्हता. ज्याच्यापुढे दावा मांडायचा तो प्रतिपक्ष खेळातच हजर असणं, हा योग क्रिकेटलाच लाभला. खोखोचं त्यात नुकसान झालं, आणि करमरकरांसारखा माणूस सोडला तर त्याची भरपाई करायची कुणाला गरज वाटली नाही.

आता सामना सगळ्यांना दिसतो, मग वाचणार कोण, असं विचारतात. दिसण्याने वाचन संपलं असतं तर मोबाइलवर चेंडूगणिक सरकणाऱ्या ओळींकडे बघत कचेरीत बसलेले लोक काय करत असतात? आणि जे पडद्यावर कुणीच पाहिलेलं नाही त्याची ओढ कमी झालेली नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीच्या सामन्यात ६६४ धावांची भागी केली. तिचं चित्रण नाही. नाबाद ३२६ आणि नाबाद ३४९ हे दोन आकडे वर्तमानपत्रांतून देशभर गेले आणि चौदा आणि सोळा वर्षांच्या दोन मुलांची नावं निवड समितीला टाळता येईनाशी झाली. त्यांतला एक पुढच्या वर्षी कराचीत कसोटी खेळत होता.

सगळ्यांचं असं होत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, मध्यंतरानंतर मैदानात उतरायला तयार झाले नाहीत. नको त्या विक्रमात आपल्या संघाचं नाव कायमचं छापलं जाईल, ही भीती त्यामागे होती असं सांगतात. सामना सोडून दिला गेला. निंबाळकरांना कसोटी संघात कधीही घेतलं नाही, आणि का घेतलं नाही याचं समाधानकारक उत्तर कुठल्याही निवड समितीने दिलं नाही. ब्रॅडमनचा विक्रम हनीफ महंमदने १९५९ मध्ये मोडला, हनीफचा लाराने १९९४ मध्ये. भारतात मात्र प्रथम श्रेणी सामन्यात ४४३ च्या वर कोणी गेलेलं नाही, आणि २०१२ मध्ये निंबाळकर वारले तेव्हाही वर्तमानपत्रांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की त्यांना एकही कसोटी का मिळाली नाही.